सुवर्णा कथा वाचते तेव्हा

मराठीच्या तासाला सरांनी सुवर्णाला कथा वाचायला उभं केलं. ती खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी, वर्गात सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचणारी मुलगी. कथेतली आई आजारी मुलासाठी लांबून पाणी आणते, त्या ओळीला ती ‘पानी’ म्हणाली आणि वर्गात हशा पिकला.

“पाणी,” सर म्हणाले. “पुन्हा म्हण.”

“पानी.”

सरही हसले आणि उरलेली कथा त्यांनीच वाचली. शेवटी ती आई मरते, तेव्हा माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. मघाशी सर्वांत मोठ्याने तीच हसली होती. पुस्तकातल्या माणसासाठी रडणं सोपं असतं. ते माणूस काही आपल्या बाकावर येऊन बसत नाही.

त्यानंतर सुवर्णाने वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे एकदा तिची आई भेटायला आली. वसतिगृहाच्या दारात आम्हा मैत्रिणींशी ती मोकळेपणी बोलू लागली. सुवर्णा तिच्या कानाशी वाकून शुद्ध मराठीत म्हणाली, “आई, यांच्यासमोर तू बोलू नकोस.”

आईने लाडवांचा डबा उघडून आम्हाला खुणेनेच घ्यायला सांगितलं.