ओल्या अंथरुणावरची पूजा

एकाच पोथीत दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या असतील, तर श्रद्धेने वागणाऱ्याने कोणती पाळावी, हा प्रश्न मला सोडवायचा होता. आमच्या लिंगायत घरच्या पोथीत आधी येते की स्नानावाचून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावू नये. काही पाने उलटल्यावर येते की ज्याच्या अंगावर लिंग आहे त्याला कोणताच विटाळ नाही. त्याची मुक्ती त्याच्या गळ्यातच आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. युसूफ वडगावात आमचे किराणा दुकान होते. नवा नवा माल येण्याची ती वर्षे. दुकानाच्या दारावर शाम्पूच्या रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत. मागच्या खोलीत माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, अर्धांगाने पडून होत्या. उजवी बाजू गेली होती. मी अंग पुसून, लुगडे बदलून पूजेचे ताट आणीपर्यंत अंथरूण पुन्हा ओले होई. लिंगपूजेवाचून त्यांनी कधी घास घेतला नव्हता, आणि अशा अंगाने त्या पूजा करायला तयार नव्हत्या. त्यामुळे अन्न तुटले होते.

“लिंग काढून देव्हाऱ्यात ठेव. घाणीत नगं,” असेही त्या म्हणू लागल्या. आमच्यात जीव असेपर्यंत लिंग अंगावेगळे करीत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवले होते.

म्हणून मी पोथी घेऊन बसले आणि दुसरा भाग वर्गात समजावते तसा समजावून वाचला.

“म्हंजी कोणताच इटाळ न्हाई?”

“कोणताच नाही. जन्माचा नाही, मरणाचा नाही, बाईच्या पाळीचाही नाही.”

त्यांनी डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला.

“मग तुला कावून बसवलं गं मी दर महिन्याला मागल्या दाराशी? पोथी तर तवाबी हीच व्हती.”

मी पान उलटले.

“आन् तवा तू कावून न्हाई वाचलीस? मास्तरीण ना तू?”

तो भाग मी लग्नानंतर पहिल्याच श्रावणात वाचला होता. तरी दाराशी बसत होते, सरकवलेले ताट घेत होते, आणि शाळेत मोठ्या मुलींना सांगत होते की हा शरीराचा साधा धर्म आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

“तुला सूट न्हाई दिली मी. मग मला कशाला पायजे?” असे म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

मग सकाळपासून दडवलेले मला सांगावेच लागले. “आत्याबाई, आज मी बाहेरची आहे.”

मान वळली. “आन् तशीच शिवलीस मला?”

“दुसरं कोण होतं?”

“लई शहाणी हाईस,” त्या म्हणाल्या. पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी डावा तळहात पुढे केला.

लिंग डाव्या तळव्यावर घेतात आणि उजव्या हाताने पूजतात. त्यांचा उजवा हात निर्जीव पडला होता. गळ्यातले लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवून मी माझ्या हाताने पाणी घातले, भस्म लावले, बेलाचे पान ठेवले. मध्येच अंथरूण ओले झाले. ते दोघींनाही कळले. मी हात थांबवला नाही, त्यांनी तळवा मागे घेतला नाही. पूजा झाल्यावर त्यांनी तांदळाची पेज घेतली आणि सगळा वेळ नजर खाली ठेवली. माझीही खालीच होती.

मी लावलेला अर्थ असा: पहिला भाग, ज्याला जमते त्याने तयारी कशी करावी हे सांगतो; दुसरा सांगतो की ज्याला जमत नाही त्यालाही परत पाठवू नये. दोन्हींत विरोध नाही. परंतु हा अर्थ मला गरज पडली तेव्हाच सापडला. इतकी वर्षे तो त्याच पानावर होता. त्यामुळे माझ्या वाचनावर माझाच पुरता भरवसा नाही. वाचकांनी आपापल्या घरच्या पोथीत दोन्ही ठिकाणे काढून पाहावीत आणि मी म्हणते ते बरोबर आहे का, हे स्वतः तपासावे.