मामांची पाऊणपट

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की बायको आता मध्येच उठून चहा टाकायला जाते. पण पुरी मात्र एकदाही सांगितलेली नाही. तिलाही नाही. आज तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

दोह्याला समुद्रात भर घालून केलेलं एक बेट आहे. रंगीत इमारती, त्यांच्यामधून कालवे, कालव्यांवर बुटके कमानीचे पूल. त्या कालव्यांतून पाहुण्यांना फिरवणारी लांब, अरुंद होडी मी चालवतो. बॅटरीवरची, वर लोखंडी सांगाड्यावर कापडाचं छत. बढाई म्हणा हवं तर, पण इतक्या वर्षांत माझ्या होडीचा रंग कुठल्या भिंतीला लागलेला नाही. दोन बोटींच्या फटीतून मी ती अशी काढतो की आमचा इजिप्शियन सुपरवायझर 'खलास!' म्हणून नुसता हात उडवतो. मला माझ्या हाताचा गर्व आहे. आजही आहे. मी रडत-बिडत हे सांगतोय असं समजू नका.

सासरे — आम्ही त्यांना मामा म्हणतो — रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीतले जुने तांडेल. तांडेल म्हणजे मचव्याचा, शिडाच्या होडीचा, कप्तान; पाण्यावर त्याचाच शब्द. अख्खी वाडी भरतीची वेळ मामांना विचारायची. आमच्याकडे हिशोब सोपा — तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. पोरंही करतात. पण मामांनी सांगितलं की वाडीला घड्याळ बघायची गरज नसायची.

आणि हे मामा लग्नापासून मला काय म्हणायचे? 'बॅटरीवरचा नावाडी.' चार माणसांत, हसत हसत. मीही हसायचो. काय करणार?

ते दोह्याला आमच्याकडे मुऐदरला राहायला आले, तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी होडी मागून घेतली. दिवसभर सगळे कालवे दाखवायचे ठरवलं — मामा, बायको, माझी मुलगी. म्हटलं, बघू देत एकदा जावई काय करतो ते. मी जीव ओतून होडी चालवली हो! प्रत्येक वळण लोण्यातून सुरी फिरवावी तसं घेतलं. बायकोने डबा उघडला, मामांना संकष्टीचा उपास होता, त्यांनी दोन केळी खाल्ली आणि नातीला म्हणाले, "तुजा बापूस डबक्यात होडी फिरवतोय गो." मुलगी खिदळली. "बाबा, इज इट ट्रू?"

तिच्यासमोर. — ते लागलं मला.

चारच्या सुमारास आम्ही परत फिरलो. वाटेत शेवटचा पूल, सगळ्यांत बुटका. मी मामांच्या हातात सुकाणू दिलं. म्हटलं, मामा, तुम्ही न्या, आम्हाला तांडेलाचा हात बघू दे. आणि अगदी साळसूदपणे विचारलं, भरती कधीची हो आज? मामा खुलले. म्हणाले, "चतुर्थी. तीनला झाली. आता पाणी उतरतंय. हाकतो बघ बिनघोर."

इथपर्यंत सगळ्यांना सांगतो. आता जे सांगत नाही ते.

पाऊणपट इथे चालत नाही. इथला समुद्र वेगळा, काही दिवस तर धड एकदाच चढतो. नवा होतो तेव्हा मीच ह्या हिशोबाने फसलो होतो, तेव्हापासून मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी पाणी सूर्य बुडेपर्यंत चढणार होतं. आणि पुलाची भिंत — पाणी उतरत असेल तर भिंतीवर वरपर्यंत ओल दिसते. ती पाण्याच्या रेघेपर्यंत ठणठणीत कोरडी होती. मला दिसत होती. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

'थांबा' म्हणायला किती वेळ लागतो? मी हाताची घडी घालून बसलो.

होडी निम्मी आत गेली आणि छताचा सांगाडा करकचून कमानीला अडकला. पाणी चढतंय, होडी आणखी वर दाबली जातेय. पुलावर माणसं जमली, मोबाइल निघाले. मुलगी ओरडली, "आजोबा, वी आर स्टक!" मामा सुकाणू धरून नुसते बघत होते. "पाणी उतरायला हवं होतं," एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले.

मग मी उठलो. आणि जे केलं ते ऐकाच — मी बादली घेतली आणि होडीत पाणी भरायला लागलो. बायकोला वाटलं मला वेड लागलं. दोन वॉचमन किनाऱ्यावर उभे होते, त्यांनाही 'यल्ला' म्हणून आत घेतलं. वजनाने होडी चार बोटं खाली बसली, सांगाडा सुटला, आणि मी ती मागच्या मागे अशी सरळ काढली की भिंतीला नखसुद्धा लागलं नाही. वरच्यांनी टाळ्या वाजवल्या! तसं इथे कुणी करून दाखवावं. आजही कुणाला जमणार नाही.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला हवं होतं तसंच.

गावी गेल्यावर मामांनी ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगितली, माझी तारीफ करून. आणि भरतीची वेळ सांगायची बंद केली. कुणी विचारलं की म्हणतात, माझा हिशोब आता चुकतो, जावयाला विचारा. त्यांचा हिशोब चुकलेला नाही. त्या खाडीत तो आजही बरोबर आहे. हे एक वाक्य आहे, फोनवर सांगता येईल असं. मी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी अल सद्दला भाजी घेत होतो, तेव्हा वाडीतून फोन आला. बायकांना खडकावरची कालवं, शिंपल्या काढायला जायचं होतं, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, कधी ते हवं होतं. मी तिथी विचारली. द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ, नऊला भरती, तीनला सुकती. सांगितलं. मागून मामांचा आवाज आला, "बघा, दोह्यात बसून सांगतो! आमचा जावई हाय तो."

आणि मला बरं वाटलं. छाती फुगली माझी, त्या भाजीवाल्यासमोर.