हंड्यातले अप्पा

आमच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा हंडा कन्नड बोलायचा. घरात आम्ही सगळे मराठी. पूर्वज बेंगळूरला येऊन तीनशे वर्षं उलटली, तरी उंबऱ्याच्या आत मराठीच. त्यामुळे हंड्याची भाषा आम्हाला आधी खटकली. तो बोलतो हे जरा वेळाने खटकलं.

पण आधी मिलिंदबद्दल सांगायला हवं, कारण मिलिंद नसता तर हंडा गप्पच राहिला असता. मिलिंद म्हणजे माझा मेहुणा, सुनंदाचा धाकटा भाऊ. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवाल्या मुलांची बेंगळूरला रीघ लागली, त्यात तोही पुण्याहून इंजिनियर होऊन आला. जयनगरला खोली घेतली आणि दर रविवारी यशवंतपूरला आमच्याकडे जेवायला येऊ लागला. जेवण बहिणीच्या हातचं आणि वाद माझ्याशी. वादाचा विषय एकच, रेडिओ. मी पोस्टाने शिकवणारा रेडिओचा कोर्स केलेला माणूस. दारावर पाटी होती : 'रघुनाथराव, रेडिओ तज्ज्ञ'.

"भाऊजी, तज्ज्ञ कोणाला म्हणतात?" मिलिंद ताकाचा पेला तोंडाला लावता लावता विचारायचा. "डिग्री असते त्याला. तुमचं सर्टिफिकेट पोस्टमनने आणून दिलंय."

"आणि तुझं?"

"माझ्यावर कुलगुरूंची सही आहे."

(म्हणजे सर्टिफिकेटवर. पण त्याची बसण्याची ऐट पाहून तो फरक चटकन लक्षात यायचा नाही.)

त्याचं म्हणणं, एएमवरचा माणूस भजी तळता तळता बोलतोय असं वाटतं. एफएम घरोघरी पोचलं की तुमचं मिडियम वेव्ह मोडीत निघणार. माझं म्हणणं, एफएमवर नुसता आवाज असतो, एएमवर माणूस असतो. "तू एएम नीट ऐकलंच नाहीस," मी म्हणायचो, "एरियल धड नसेल तर कसं ऐकू येणार?" हे सिद्ध करायला मी एका आठवड्यात नारळाच्या झाडापासून न्हाणीघरापर्यंत तांब्याची लांबलचक तार ताणली आणि तिचं टोक हंड्याच्या पत्र्याच्या धुरांड्याला गुंडाळून टाकलं. रेल्वेच्या रुळांपलीकडेच रेडिओचा टॉवर. इतका जवळ की त्याचे लाल दिवे आमच्या परसातून दिसायचे. एवढ्या तारेवर तर स्वर्गातलंही ऐकू येईल, असं मी मिलिंदला म्हणालो होतो. हे वाक्य नंतर मला बरंच महागात पडलं.

याच सुमाराला देवनहळ्ळीची जमीन विकायचं ठरत होतं. जमीन अक्काची. अक्का म्हणजे माझी आत्या. बाबा तिला अक्का म्हणायचे म्हणून सगळं घर म्हणायचं. लग्नानंतर वर्षभरातच ती कपाळ पुसून माहेरी आली. तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती जमीन तिच्या नावावर करून दिली. 'उद्या कोणी हिला घराबाहेर काढलं तर हिच्या पायाखाली स्वतःची माती असावी,' म्हणून. तिला घराबाहेर कोणी काढलं नाही, पण अक्का दरसाल बसने देवनहळ्ळीला जायची आणि भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन यायची. शेंगा आम्ही खायचो. माती कोणी पाहिली नव्हती.

मला मात्र दुकान काढायचं होतं. साधं दुरुस्तीचं नव्हे, काचेच्या कपाटांत रेडिओ मांडलेलं. गिऱ्हाईक चालून आलं होतं. मी अक्काला महिनाभर घोळात घेत होतो. शेवटी ती म्हणाली, "तुझं बरं होतंय ना? मग सरी." (सरी म्हणजे ठीक, हे कन्नड तिच्या मराठीत कायमचं मुक्कामाला होतं.) सोमवारी सही करायची ठरली.

शनिवारी तिन्हीसांजेला वीज गेली. अक्काचा नेम असा की देवापाशी दिवा लावण्याआधी आंघोळ करायची. वीज असो-नसो, हंड्याखाली नारळाची सोडणं पेटलेली असायची, तेवढा उजेड तिला पुरे. मी ओट्यावर वारा घेत बसलो होतो. ती ओल्या केसांनी बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. घाबरलेली नव्हती. उलट खूप दिवसांनी कोणीतरी भेटल्यासारखा चेहरा होता.

"रघू, अप्पा आलेत."

"कुठे?"

"हंड्यात."

मी आत गेलो. न्हाणीघरात वाफ कोंडली होती. निखाऱ्यांचा लालसर उजेड भिंतीवर हलत होता. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग वाफेतून एक बारीक, नाकातला, पुरुषी आवाज आला. तोंड पत्र्याच्या डब्यात घालून बोलावं तसा. वीज नव्हती, घरातले सगळे रेडिओ मुके होते, शेजारच्या घरात अंधार होता, आणि तो बोलत होता. घाईने नाही. समजावल्यासारखा. मी हंड्याच्या काठाला हात लावला.

आवाज थांबला.

हात काढला. आवाज पुन्हा सुरू झाला, जिथे तोडला होता तिथून जरा पुढे. मी पुन्हा हात लावला. पुन्हा थांबला. कोणीतरी माझ्या हाताकडे पाहून गप्प बसतंय, असं वाटलं. मला भीती वाटली. सरळच सांगतो, मी उलट्या पावली बाहेर आलो आणि उंबऱ्याला ठेचकाळलो.

"ऐकलंस?" अक्का म्हणाली. "जमीन विकू नको म्हणतात."

"कन्नडमध्ये?"

"अप्पा रागावले की कन्नडच बोलायचे."

हे खरं होतं. आमच्याकडे लाड मराठीत आणि शिव्या कन्नडमध्ये, अशी वाटणी फार जुनी आहे.

रात्री सुनंदाने पांघरुणातून विचारलं, "अहो, उद्या आंघोळीचं काय?" मी म्हटलं, नळाच्या गार पाण्याने करू. ती म्हणाली, "नळही हंड्याला लागूनच आहे." मग आम्ही दोघं बराच वेळ नळाचा विचार करत पडून राहिलो.

रविवारी मिलिंद जेवायला आला, त्याला सगळं सांगितलं. तो हसला. संध्याकाळपर्यंत हसत होता. दिवेलागणीला नेमाने वीज गेली आणि आम्ही चौघं न्हाणीघरात शिरलो. अक्काने ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. हंड्यासमोर पाट मांडून ती मांडी घालून बसली. दारात सुनंदा उभी होती, एक पाय बाहेर ठेवून. निखारा फुटला तरी मिलिंद दचकत होता.

आणि वाफेतून आवाज आला.

"...ईग मारबेडी... ईग मारबेडी... स्वल्प काय्री..."

मिलिंदचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याला कन्नड येत नव्हतं, पण मराठी चांगलं यायचं, आणि हीच त्याची पंचाईत झाली.

"भाऊजी," तो माझा दंड धरून कुजबुजला, "मार म्हणतोय. आणि बेडी. याला बेड्या घालून मारलंय. इथेच. या भिंतीत."

"अरे..."

"आणि कैरी मागतोय. स्वल्प कैरी. शेवटची इच्छा असणार."

"मिलिंद, मारबेडी म्हणजे विकू नका. काय्री म्हणजे थांबा. आता विकू नका, थोडं थांबा म्हणतोय तो."

मिलिंदला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की कैरी मागणाऱ्या भुतापेक्षा जमिनीच्या व्यवहारात लक्ष घालणारं भूत जास्त भयंकर आहे. तो भिंतीला टेकला. त्याच्या पाठीमागे धुरांड्याचा पत्रा थरथरत होता. सुनंदाचा दुसरा पायही बाहेर गेला.

घाबरलेला इंजिनियर काय करतो? जे शिकलाय ते बोलतो. मिलिंद म्हणाला, "आवाजात वरच्या पट्टीचं काहीच नाही. खालचंही नाही. सगळं मधलंच. क्वालिटी अगदी भिकार आहे."

मला राग आला. का कोण जाणे, पण माझ्या घरातल्या भुताला पुण्याच्या माणसाने भिकार म्हणावं हे सहन झालं नाही. "भिकार नाही," मी म्हणालो, "यात ऊब आहे. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं."

"माणूस नाक दाबून बोलतोय असं वाटतं. तुमच्या एएमवर लागतं तसं."

"माझ्या एएमवर..." मी म्हणू लागलो.

अंधारात आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही वर, धुरांड्याकडे पाहिलं. धुरांड्याला माझी तार गुंडाळलेली होती.

"गंजलेला सांधा!" मिलिंद म्हणाला.

"क्रिस्टल सेट!" मी म्हणालो.

पुढचा काही वेळ आम्ही दोघं अक्काच्या डोक्यावरून भांडत होतो. धुरांड्याचा गंजलेला सांधा जुन्या, बिनविजेच्या क्रिस्टल रेडिओसारखं काम करतो, टॉवर जवळ असला तर वीज लागत नाही, पत्रा स्पीकरसारखा थरथरतो, आणि माणसाने हात लावला की सगळं जमिनीत उतरून आवाज बंद पडतो. यात दुमत नव्हतं. हे आधी कोणाला सुचलं यावर होतं. तो म्हणे, डिग्री असल्याशिवाय हे सुचत नाही. मी म्हणे, तार माझी, गंज माझा, हंडा माझा. हंडा मधूनमधून बोलत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मी बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर आणला, टॉवरवालं स्टेशन लावलं आणि हंड्याच्या कट्ट्यावर ठेवला. एकच माणूस दोन तोंडांनी बोलू लागला. एक तोंड ट्रान्झिस्टरमध्ये, एक वाफेत. अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून आनंदही झाला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. निवेदक सांगत होता, ईरुळ्ळी काढल्या काढल्या विकू नका, थोडं थांबा, भाव चढेल.

अक्काने ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, मग हंड्याकडे.

"ईरुळ्ळी?" ती म्हणाली. "कांद्याचं सांगतोय?"

"कांद्याचं, अक्का."

"म्हणजे अप्पा नव्हेत."

"नव्हेत अक्का. सायन्स आहे."

ती पाटावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. नऊवारीचा ओलसर काठ पिळला आणि म्हणाली, "मग सरी." एवढंच. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच क्षणी मिलिंद माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं, भाऊजी. तुम्ही प्रोफेशनल आहात." आणि वाईट वाटायचं राहून गेलं.

सोमवारी अक्काने सही केली. मंगळवारी मी तार काढून टाकली. हंडा पुन्हा बोलला नाही.

दुकान निघालं. काचेची कपाटं आली, त्यांत मिडियम वेव्हचे उत्तम सेट मांडले, आणि गावात एफएमचा सुळसुळाट झाला. पोरं कानात बोंडं घालून दुकानावरून जात, आत बघतही नसत. कपाटांच्या काचा पुसणं हाच दुकानातला मुख्य धंदा झाला. शेवटी कपाटं एका बेकरीवाल्याने नेली. आता त्यांत खारी असते, आणि ती खपते.

आणि देवनहळ्ळीला विमानतळ झाला.

विमानतळ झाल्यावर तिथल्या जमिनीचं काय झालं, हे बेंगळूरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा मी आकडा सांगत नाही. (मला रात्री झोप लागायला हवी.) अक्काच्या भुईमुगाच्या वाफ्यात आता काचेचं हॉटेल आहे. मिलिंद अमेरिकेला जाणार होता, तेव्हा त्याला सोडायला आम्ही टॅक्सीने गेलो. अक्काही आली. फार थकली होती, पण खिडकीजवळ बसायचा हट्ट केला. हॉटेल आलं, गेलं. ती मागे वळून पाहत राहिली. परतताना तिन्हीसांज झाली होती.

"हंडा आधीच म्हणाला होता, रघू," ती एकदम म्हणाली.

"अक्का, ते कांद्याचं होतं."

"तुम्ही आलात तेव्हा कांद्याचं होतं." ती अजून बाहेरच पाहत होती. "शनिवारी मी एकटी होते तेव्हा आधी मला हाक मारली. बंगारी म्हणाला."

बंगार म्हणजे सोनं, बंगारी म्हणजे सोनुली; आमच्या मराठी लाडांत शिरलेला हा एकच कन्नड शब्द. अक्काला या नावाने फक्त अप्पा हाक मारत, तीही ती परकरात असताना. घरात हे नाव माहीत असलेलं तिच्याशिवाय कोणी उरलेलं नव्हतं. मलाही ते त्या टॅक्सीतच पहिल्यांदा कळलं. टॅक्सीच्या काचा बंद होत्या, तरी मानेवरून गार वारा गेला. रेडिओवर कोणीतरी सोन्याच्या भावाचं बोलत असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात सोन्याचा भाव कशाला सांगतील, हे उत्तरही माझं मलाच सुचलं.

"अक्का, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू नि मिलिंद आवाज चांगला की वाईट ते बघत होतात."

वाईट होता. रेडिओ तज्ज्ञ म्हणून एवढं मी आजही खात्रीने सांगू शकतो.