‘वांगा’ म्हणेपर्यंत

“हे गेले मा…” असं मामी, म्हणजे तुळजाराम सरांच्या पत्नी, फोनवर म्हणाल्या आणि मी “कुठे?” असं विचारून बसले. चेन्नईतल्या अड्यारच्या आमच्या संस्थेत, जिथे शिकून मी तिथेच कामाला लागले, नव्या बॅचसाठी खुर्च्या लावून घेत होते. ही बॅच सर बरे होऊन घेणार, असं मी स्वतःलाच पटवून ठेवलं होतं. आता काही आठवडे झाले, तरी तो ‘कुठे?’ मनातून हलत नाही.

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून मी साथरोगशास्त्र शिकायला चेन्नईत आले, तेव्हा साथ म्हणजे आलेखावर चढणारी रेघ, एवढीच माझी समज. सर तंजावरच्या मराठी घरातले. मराठी बखरीतली, हेल तमिळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “बाई, घरचे ‘वांगा’ म्हणेपर्यंत रोगाचं नांव काढायाचं नाही.” मी भाबडेपणाने विचारलं, “वांगं का, सर?” त्यांनी माझी शंका तमिळमध्ये सांगितल्यावर अख्खा वर्ग पोट धरून हसला. ‘उळ्ळे वांगा’ म्हणजे ‘आत या’. तेव्हापासून मराठी मुलांमध्ये त्याला वांग्याचा नियम म्हणतात.

त्या नियमाची ताकद कळली ती श्रीपेरुंबुदूरजवळ, कारखान्यातल्या मुलींच्या वसतिगृहात. कावीळ पसरल्याची खबर होती. आम्ही लेसचे बूट घालून दारातच उभे, हातात माहिती भरायचा टॅबलेट. “कुणी आजारी?” “इल्लै.” प्रत्येक खोलीत तेच ‘नाही’. सर मागून आले, चपला काढल्या आणि गप्प उभे राहिले. आम्ही मनात चरफडत होतो. बऱ्याच वेळाने एक मुलगी संकोचून “वांगा” म्हणाली. सर चटईवर बसले, तिच्या गावाची, आईची चौकशी केली. मग तिनेच आतला पडदा सरकवला. दोघी निपचित पडल्या होत्या, डोळे हळदीसारखे पिवळे. आजारी म्हटलं तर काम जाईल, या भीतीने मैत्रिणींनी त्यांना लपवलं होतं. त्या दोघी वाचल्या. वसतिगृहाच्या टाकीचं पाणी त्याच संध्याकाळी बंद झालं. परतताना सर एवढंच बोलले, “उद्यां चपला घालून या.”

सर शेवटचे भेटले तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता. “ही बॅच तुम्ही घ्या. कंप्यूटर मुलांस बहुत बरा येतो मा. दारीं उभं राहायास येत नाही.” मी म्हटलं, “तुम्ही बरे व्हा, तुम्हीच शिकवा.” ते हसले… मला रडू येईल म्हणून हसले, हे मला तेव्हाच कळलं होतं.

थांबलेली बॅच कोण घेणार, असं संस्थेने परवा पुन्हा विचारलं. मी उठले आणि वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. पूर्वी मी चपला काढते न काढते तोच आतल्या झोपाळ्यावरून आरोळी यायची, “वां…गा!” खास मला चिडवायला लांबवलेली. झोपाळ्यावर आता वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. मामी पुढे आल्या. “ये की, उभी कां?” माझा पाय काही उचलेना. मामींनी दारातल्या माझ्या चपलांकडे पाहिलं, मग झोपाळ्याकडे. मग त्यांना उमगलं. सरांसारखंच लांबवून त्या म्हणायला गेल्या, “वां…” पुढचं अक्षर त्यांच्याच्याने निघेना.

“…गा,” मी म्हटलं आणि आत गेले.