नानांच्या पाठीवरचा पाय

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. धुळ्याच्या दवाखान्यात अडीच लाख रुपये आगाऊ भरले. काउंटरपाशी मी, वहिनी आणि अक्का. थोरला भाऊ, आमचे नाना, वर दाखल होते. हृदयातून निघून पोटात उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीला जंतुसंसर्ग होऊन तिथे फुगा आला होता. जंतू टायफॉइडच्या कुळातला. अँटिबायोटिक सुरू होतं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. सडलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवायची होती. सर्जन शनिवारी मुंबईहून येणार होते. तोवर फुगा टिकायला हवा होता.

जानेवारीत नानांना ताप आला. आमच्या गावच्या, असोद्याच्या डॉक्टरांनी पाच दिवस इंजेक्शनं दिली, ताप उतरला. पाठ मात्र दुखत राहिली. केळीचे घड उचलताना उसण भरली, असं घरात सगळ्यांनी ठरवलं. उसणीला आमच्याकडे डॉक्टर लागत नाही, पायाळू लागतो. अक्का, आमची थोरली बहीण, जन्मताना पायांकडून आलेली. निम्म्या गावाच्या कमरेला तिचा पाय लागला आहे. नाना ओसरीवर पालथे झोपले. तिने डावा पाय पाठीवर टेकवला.

"जोरात दे ना वं अक्का, जेवली नाई का?"

"जेवले. तू केळी खाऊन म्हशीसारखा झाला, त्याले मी काय करू?"

आम्ही सगळे हसलो. तीन रविवार हेच चाललं. मग ताप परतला, तेव्हा कुठे जळगावला सीटी स्कॅन झाला आणि तिथून नानांना धुळ्याला पाठवलं.

शुक्रवारी दुपारी नानांनी एकदम पाठ धरली, घामाने भिजले, आणि डॉक्टर धावत येईपर्यंत संपलं. फुगा फुटला होता.

अक्काने डॉक्टरांना विचारलं, "मी पाय दिला म्हणून फुटलं का?"

"नाही हो मावशी. जंतूंनी भिंत आतून पोखरली होती."

"मंग पाय न देता तवाच इथं आणलं असतं तर?"

डॉक्टर फाइल चाळू लागले.

परतताना रुग्णवाहिकेत अक्का पाय पोटाशी घेऊन बसली, नानांना लागू नयेत म्हणून. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तिने ते खाली सोडले नाहीत. असोद्यात मी आणि वहिनीने धरून तिला उतरवलं.

न झालेल्या शस्त्रक्रियेचे एक लाख सहा हजार दवाखान्याने वहिनीला परत दिले. रुग्णवाहिकेच्या चालकाला ठरलेले साडेचार हजार मी दिले.