चंचीतलं पाकीट

हिर्डोशीच्या आमच्या खाचरात भाताची लावणी असली की दुपारच्या भाकरीनंतर आबांची चंची उघडायची. आबा म्हणजे माझे वडील. पानसुपारीबरोबर चंचीतून अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट निघायचं आणि सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायच्या रीतीनं, लावणीला आलेल्या शेजाऱ्यांना एकेक गोळी मिळायची. पाहुण्याला चहा द्यावा, तशी ती रीतच पडून गेली होती. सगळ्यांत जास्त गोळ्या आबाच खायचे.

ती पाकिटं मी आणायचे. भोरला कॉलेजात होते. शनिवारच्या एसटीनं घरी येताना मेडिकलमध्ये जायला विसरले तर आबांचं तोंड उतरायचं. "लेक माझी डाक्टरीनच हाय," असं ते बांधावर सगळ्यांना सांगायचे आणि मी अभिमानानं फुगायचे. पावसासाठी डोक्यावर घेतलेल्या ओल्या इरल्यांचा वास, नाचणीची भाकरी, एकाच तांब्यातलं पाणी. त्या दुपारी पुन्हा मिळाव्यात असं मला अजून वाटतं.

तीन वर्षांपूर्वी आबांच्या पायांवर सूज आली. "चालून चालून आली आसंल," ते म्हणाले. मी ओढूनच भोरला नेलं. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. किडन्या निम्म्याहून जास्त कामातून गेल्या होत्या. रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कोण जाणे, आणि त्यात वर्षानुवर्षं या गोळ्या.

"गेलं ते परत येत नाही. उरलंय ते जपलं तर डायलिसिस लांब ठेवता येईल," डॉक्टर म्हणाले. "अंगदुखीची गोळी आता एकही नाही."

गोळ्या कोण आणायचं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मी घरात फौजदार झाले. मीठ कमी, सुकट बंद, रक्तदाबाची गोळी रोज, दर तीन महिन्यांनी तपासणी. "आसलं आळणी गुरं बी खायाची न्हाईत," आबा कुरकुरायचे, पण खायचे. अंगदुखीच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. गुडघे धरून उठतानाचा त्यांचा चेहरा मला दिसत होता.

यंदाच्या लावणीला आबा बांधावर बसून होते. शेजारच्या काकूंनी सवयीनं गोळी मागितली. "न्हाई मिळायची," आबा म्हणाले. "आदी भोरला जाऊन रगत तपासून या."

मला बरं वाटलं. सुपारी घ्यायला मी त्यांची चंची उघडली, तर तळाशी पाकीट. माझं डोकंच फिरलं.

"आबा, हे काय?"

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या. मुदत कधीच संपलेली.

"तू शेवटचं आणल्यालं," ते हळू म्हणाले. "लई दुखाय लागलं की हातात धरून बसतो. तुझ्या हातचं हाय, टाकवत न्हाई."

मला रडू आवरेना. "आबा, माझ्यामुळंच झालं हे सगळं."

"आन् आणाय सांगायचं कोण?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली.

पाकीट मी काढून घेतलं. पुढच्या तपासणीला भोरला गेल्यावर टाकायचं ठरवलं होतं. अजून माझ्या पर्समध्येच आहे.