अर्जात लिहिलेली मुलगी

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. शेवटची दोन आम्ही वेगळे राहत होतो. मी यवतमाळला माहेरी, तो वणीला, खाणीतल्या नोकरीवर. भांडण असं उरलंच नव्हतं. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यानंच फोन केला. "कागदं कोणकोणते लागतात, तुले माहीत आहे काय?"

ठरलेल्या दिवशी तो सकाळच्या एसटीनं आला. वकीलबाईंच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसलो. आधार कार्डं, लग्नपत्रिका, लग्नातला एक फोटो. फोटोत त्याची मुंडावळी नाकावर आलेली. बाई हसल्या, मग आम्हीही.

मग त्या अर्जाचा मसुदा वाचू लागल्या. लग्न कधी, वेगळे कधीपासून. पुढे आलं, "उभयतांना या विवाहापासून अपत्य झालेले नाही."

आमची मुलगी अकरा दिवस जगली होती, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. नाव ठेवायचं राहूनच गेलं. नंतर तिच्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि मला दुसरं काही बोलता येत नसे. आमचं तुटायला तिथूनच सुरुवात झाली असावी.

"हे बरोबर नाही मॅडम," तो म्हणाला. "पोरगी झालती आम्हाले."

बाई थांबल्या. "ताबा कोणाकडे ते ठरवायला कोर्ट विचारतं. आता अपत्य नाही, एवढं लिहिलं तरी चालते."

"नाही, लिहा. झालती, आन अकराव्या दिवशी गेली."

त्याला दिवस आठवत असतील, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

बाईंनी वाक्य बदललं. प्रत्येक पानावर आम्ही सह्या केल्या.

बाहेर चहाच्या टपरीवर मी विचारलं, "इतके वर्षं बोलले काहून नाही तुम्ही?"

"तू रडशील म्हणून." कप खाली ठेवत म्हणाला, "आन मीबी."

मग आम्ही तिच्याबद्दल बोललो. तिचं जावळ, तिची घट्ट मिटलेली मूठ. दोन एसट्या त्यानं सोडल्या. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "अर्ज राहू द्याचा काय?"

मी खरंच विचार केला. एका दुपारच्या बोलण्यावर संसार पुन्हा उभा राहील, असं मन काही मान्य करेना.

"नको," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. त्यालाही तेच वाटत असावं.

सहा महिन्यांनी कोर्टात दोघांनाही विचारलं, निर्णय कायम आहे ना? मी हो म्हटलं, त्यानंही. जिना उतरताना तो म्हणाला, "तब्येत सांभाळजो." मी म्हटलं, "तुम्हीपण."